कुटुंब, माता, व्यक्ती : आरोग्याच्या भाषेत बाई कुठे आहे?

गेली काही वर्षे इंग्लंड-अमेरिकेत आरोग्यसंदेशांच्या भाषेवरून मोठा वाद माजलेला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्या, हे सांगताना ‘स्त्रियांनो’ म्हणावे की ‘गर्भाशयमुख असलेल्या सर्व व्यक्तींनो’ म्हणावे, हा तो वाद. जन्माच्या वेळी मुलगी ठरवली गेलेली, पण स्वतःला पुरुष मानणारी आणि पुरुष म्हणून जगणारी माणसे असतात. त्यांच्याही शरीरात गर्भाशय असते, कर्करोग त्यांनाही होतो. ‘स्त्रियांनो’ ही हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही, असे एक बाजू म्हणते. हा शब्दच काढून टाकला तर जिच्यासाठी एवढा खटाटोप तीच संदेशातून नाहीशी होते, असे दुसरी बाजू म्हणते.

आपल्याकडे हा वाद इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांमार्फत येऊन पोचला आहे. चळवळीतल्या काही जाणत्या मंडळींनी ‘पोट भरलेल्यांची थेरं’ म्हणून तो झटकला. काही तरुणांनी तो जसाच्या तसा उचलून मराठी पत्रकांत उतरवायला घेतला. या दोन्ही भूमिका मला आळसाच्या वाटतात. मी डॉक्टर नाही; तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे दवाखान्याचे कागद वस्तीला वाचून दाखवण्याचे काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे आहे. कवितेला जे प्रश्न विचारायला मी विद्यार्थ्यांना शिकवते तेच मी या कागदांना विचारते. बोलतो कोण? ऐकणारा कोण धरला आहे? आणि कोण ऐकायला उभे आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानातच नाही?

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाने मुखपृष्ठावर आतल्या लेखातले एक वाक्य ठळक छापले. योनी असलेल्या देहांच्या शरीररचनेकडे आणि शरीरक्रियेकडे इतिहासात दुर्लक्ष झाले, असा त्याचा आशय होता. लेख लंडनच्या एका संग्रहालयातील मासिक पाळीविषयीच्या प्रदर्शनावर होता. मुखपृष्ठावर मात्र एवढे एकच वाक्य आले आणि जगभरातून टीकेची झोड उठली. संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्या वाक्याचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. ते खोटेही नाही. पण ते वाक्य म्हणून फसले आहे. या देहांकडे दुर्लक्ष का झाले? ते स्त्रियांचे होते म्हणून. अन्यायाचे कारण ज्या शब्दात होते तोच शब्द गाळला, आणि अन्याय तेवढा कागदावर उरला, जणू तो पावसासारखा वरून पडला.

आपल्या वाचकांना ही युक्ती नवी नाही. ‘दुर्बल घटकांवर अन्याय होतो’ असे ज्या वाक्यात लिहिलेले असते त्यात दुर्बल कुणी केले हे कधीच लिहिलेले नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना ‘दलित’ शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ हा घटनात्मक शब्द वापरण्याचा सल्ला दिला, तेव्हा आपण काय म्हणालो होतो? म्हणालो होतो की, ‘अनुसूचित’ म्हणजे यादीत घातलेला आणि ‘दलित’ म्हणजे दळला, भरडला गेलेला. पहिल्या शब्दात कारकून दिसतो, दुसऱ्यात जाते आणि ते फिरवणारा हातही दिसतो. ‘स्त्री’ हा शब्द सोडायला तयार नसलेल्या बायकांचे म्हणणे याच जातीचे आहे. पण याच न्यायाने आणखी एक गोष्ट आपल्याला मान्य करावी लागेल. स्वतःचे नाव स्वतः ठरवण्याचा हक्क आपण मागितला. मग जो स्वतःला पुरुष म्हणवतो त्याला ‘बाईच आहेस’ असे फलकावरून सुनावण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? या लेखात मला ही दोन्ही टोके धरून ठेवायची आहेत.

आणि तटस्थ शब्दांचे म्हणाल तर ते आपल्याकडे लॅन्सेटच्या कितीतरी आधी आले. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर, १९७७ मध्ये, ‘कुटुंबनियोजन’ बदनाम झाले म्हणून त्याचे ‘कुटुंबकल्याण’ झाले. दवाखान्याच्या नोंदवहीत ‘पात्र जोडपे’ असते. कुटुंब म्हणजे सगळे. जोडपे म्हणजे दोघे. याहून सर्वसमावेशक भाषा ती कोणती? प्रत्यक्षात काय घडते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईची नसबंदी झालेली होती, पुरुषाची ०.३ टक्क्यांत. कल्याण कुटुंबाचे, टाके बाईच्या पोटाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्या आणि लगतच्या शिबिरांनंतर डझनभराहून अधिक बायका मेल्या. मेल्या त्या ‘जोडपे’ नव्हत्या. आमच्या वस्तीत कुणी ‘कुटुंबकल्याण शस्त्रक्रिया’ म्हणत नाही. ‘तिचं ऑपरेशन झालंय’ एवढेच म्हणतात, आणि कुणाचे ते विचारावे लागत नाही.

याचा अर्थ ‘स्त्री’ शब्द राखला की काम भागले असा नव्हे. ज्यांना आपला फलक स्त्रीचा राहावा असे वाटते त्यांनी त्या फलकावर कोणती स्त्री आहे ते एकदा जवळ जाऊन पाहावे. २००५ ची ‘जननी सुरक्षा योजना’, २०१७ ची ‘प्रधानमंत्री मातृ वंदना योजना’. जननी आणि माता. वंदनही तिलाच. भाषणात ‘माता-भगिनींनो’. चित्रात कपाळभर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, कडेवर गुटगुटीत बाळ. या भाषेत परित्यक्ता नाही, विधवा नाही, मूल न झालेली नाही, लग्न न केलेली तर नाहीच. देवाला सोडलेली मुरळी किंवा जोगतीण, जिला याच तपासणीची सर्वांत अधिक गरज, ती तर भगिनीतही बसत नाही आणि मातेतही नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा पाळणा थांबल्यावर आणि पुष्कळदा पाळी गेल्यावर उघड होतो. ज्या वयात तो गाठतो त्या वयाच्या बाईला आरोग्यखात्याच्या शब्दकोशात नावच नाही, कारण तिच्याकडून आता काही जन्मायचे नसते.

शिवाय ‘बायकांचा आजार’ म्हटले की पुरुष मोकळा होतो. हा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून पसरतो; पुरुषाकडून बाईकडे आणि बाईकडून पुरुषाकडे. पुरुषांनाही त्याच विषाणूने घशाचा, लिंगाचा कर्करोग होऊ शकतो. पण पत्रकात पुरुष नसतो. मग वस्तीत कुजबुज होते ती हिच्याच चालीविषयी. येथे खरोखर सर्वसमावेशक भाषेची गरज आहे आणि नेमकी येथेच ती कुणी मागत नाही.

लैंगिक आरोग्याविषयी स्पष्ट मराठीत बोलण्याची परंपरा आपल्याला नाही असेही नव्हे. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र घेऊन न्यायालयात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, पण लैंगिक प्रश्नांवर लोकांना उघड माहिती मिळाली पाहिजे ही भूमिका त्यांनी सोडली नाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला त्यामागेही तेच होते. आज इतक्या वर्षांनी आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर ‘गर्भाशय ग्रीवा’ असे लिहिलेले आहे. ग्रीवा म्हणजे मान हे मला एम. ए.ला असल्यामुळे ठाऊक. बायका ‘पिशवी’ म्हणतात, ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात. पांढरे जाणे, धुपणी, अंगावरून जाणे, तांबी बसवणे हे त्यांचे शब्द आहेत आणि ते नेमके आहेत. ज्या बाईला ‘ग्रीवा’ कळत नाही तिला ‘ग्रीवा असलेल्या व्यक्ती’ या हाकेत आपण आहोत हे कळणार कसे? आता तिच्यासाठी एकच ओळखीचा शब्द होता, ‘बाई’, तोही काढायचा?

येथे एक भाषिक गंमत सांगून पुढे जाते. मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. स्वतःला पुरुष मानणाऱ्याला स्त्रीलिंगातून सोडवण्यासाठी जो शब्द योजला, तो ‘ती व्यक्ती आली’ असाच चालतो. इंग्रजीची चावी मराठीच्या कुलपाला लागत नाही ती अशी.

पण देहाच्या भाषेला मी सरसकट नकार देऊ शकत नाही, आणि त्याचे कारण सोयराबाई आहे. ‘विटाळ’ हा शब्द आपल्या भाषेत दोन कामांना राबतो. महाराच्या सावलीने व्हायचा तो विटाळ, आणि बाई बाहेरची बसली की तोही विटाळ. सवर्ण बाई महिन्यातून चार दिवस विटाळाची, आमची आजी बारा महिने. त्या चार दिवसांत तिच्यावर विटाळाचे दोन थर. या दुहेरी शब्दाला सोयराबाईने चौदाव्या शतकात हात घातला. तिने असे नाही म्हटले की मला विटाळ नाही. तिने विचारले की, विटाळ देहाचा म्हणता, तर विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा. शुद्ध म्हणवणाऱ्या प्रत्येकाला तिने त्याच शब्दात आत ओढून घेतले. सर्वसमावेशक भाषा म्हणायची तर ही. लॅन्सेटच्या मुखपृष्ठावरचा ‘देह’ आणि सोयराबाईचा ‘देह’ यांत फरक काय? पहिला देह बाईचे नाव पुसून उभा राहिला आहे. दुसरा देह पुढे करून एक बाई, आणि तीही चोखोबाची महारीण, प्रश्न विचारते आहे. बोलणारी तेथे हजर आहे.

अवयवावरून माणसाला हाक मारण्यात आणखी एक अडचण आहे, ती आमच्या भागात ठसठशीत दिसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बभ्रा झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीत नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्याला मिळते. तटस्थ शब्दांचा हा आणखी एक नमुना. एक दिवस पडले की खाडा, खाड्याचा दंड. पाळीला कोयत्यात जागा नाही. त्यात पांढरे जाते म्हणून खाजगी दवाखान्यात गेले की ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक’ हा सल्ला. ज्या कर्करोगाच्या तपासणीविषयी आपण बोलतो आहोत त्याच्याच भीतीवर हा धंदा चालला. आज आमच्या भागात पस्तिशीच्या बायका आहेत ज्यांना आपले काय काढले आणि काय ठेवले ते नीट ठाऊक नाही. पिशवी काढली पण तोंड ठेवले का? अंडाशये? कागद हातात नाही, असलेला इंग्रजीत. ‘गर्भाशयमुख असलेल्यांनी यावे’ म्हटले तर ती यावी की न यावी? आपल्या शरीरात कोणता अवयव आहे याचे ज्ञान हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि तिचीही वाटणी झालेली आहे. अवयवाची हाक ही मालमत्ता असलेल्यांसाठी आहे.

अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांकडे या प्रश्नात पाहिलेच पाहिजे, कारण शरीरापुरते शिल्लक ठेवले जाणे म्हणजे काय ते त्यांना आपल्याइतकेच ठाऊक आहे. स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव झाला त्या जे. मॅरियन सिम्सने १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी अनार्का, ल्युसी आणि बेट्सी ही तीन नावे उरली आहेत. त्याचा न्यूयॉर्कमधला पुतळा हलवायला २०१८ साल उजाडले. आता मे २०२१ मधली घटना पाहा. मिसुरीच्या काळ्या खासदार कोरी बुश, पूर्वी परिचारिका असलेल्या, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपली कहाणी सांगत होत्या. दुखते आहे म्हणून सांगितले, डॉक्टरने मनावर घेतले नाही, आणि मूल तेविसाव्या आठवड्यातच जन्माला आले. विषय होता काळ्या मातांचे बाळंतपणातले मृत्यू. पण त्यांनी लिहिलेल्या एका ओळीत ‘स्त्रिया’ऐवजी ‘प्रसूत होणारी माणसे’ असा शब्दप्रयोग होता. दुसऱ्या दिवसापासून गदारोळ झाला तो त्या शब्दावर. डॉक्टर, वेदना, तेवीस आठवड्यांचे बाळ, सगळे मागे पडले. हसणाऱ्यांना काळ्या बाईचे दुखणे ऐकायचेच नव्हते, त्यांना निमित्त मिळाले, हे खरे. तरी कोरी बुश यांनी तो शब्द कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्यापेक्षाही बाहेर असलेल्यांना आत घ्यावे म्हणून वापरला, हेही मला विसरता येत नाही. ज्यांना स्वतःला दारात अडवले गेले ते दार लावताना बिचकतात.

त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या सरकारी रुग्णालयांनी प्रसूतीविभागासाठी नवी भाषा ठरवली. वर्तमानपत्रांनी ‘आई’ शब्दावर बंदी घातल्याची आवई उठवली. वास्तविक त्यांनी ‘स्त्रिया आणि प्रसूत होणाऱ्या व्यक्ती’ असे म्हटले होते. ‘स्त्री’ आणि ‘आई’ हे दोन्ही शब्द राहणार असे स्पष्ट लिहिलेही होते. काढून टाकणे आणि भर घालणे यांतला हा फरक व्याकरणाचा नाही, राजकारणाचा आहे. आणि भर घालण्याला माझा पाठिंबा आहे.

मात्र मराठीत ही भर वाक्याच्या शेवटी एक ‘आणि’ जोडून पुरी होणार नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. परंतु मराठीत ‘तृतीयपंथी’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती साडी नेसलेली व्यक्ती. मुलगी म्हणून वाढवला गेलेला आणि पुरुष म्हणून जगू पाहणारा मुलगा त्या शब्दात कुणाला दिसत नाही. तो बौद्धवाड्यातही असतो, मातंगवाड्यातही. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. हजेरीपटावरचे नाव मुलीचे. पोटात दुखे तेव्हा तो मेडिकलमधून गोळी आणी, दवाखान्यात जात नसे. त्याला अडवणारा फलक नव्हता. फलक त्याने वाचलाच नव्हता. अडवत होती ती रांगेतली मोठ्याने मारलेली हाक, ‘ए पोरी, तू कशाला आली, कुणाची तू?’

ही हाक आमच्या बायकांनाही ओळखीची आहे. ‘ए, सरक तिकडं. कधीपासून जातंय? बोल की लवकर.’ पांढरपेशा बाईला ‘मॅडम, बसा’. आडनाव आणि पातळ पाहून ‘ए’. येथे मराठीने आपल्या हातात एक साधन आयते ठेवले आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ म्हटले की लिंग उघडे पडते. ‘तुम्ही आलात’ म्हटले की पडत नाही. ‘बसा. कधीपासून त्रास होतो? तपासणी करून घ्यायची का? घाबरू नका.’ या चार वाक्यांत स्त्रीलिंग नाही, पुल्लिंगही नाही. इंग्रजीला ज्यासाठी नवे शब्द घडवावे लागतात ते मराठीत आदरार्थी बोलण्यात निघून जाते. जो ‘तुम्ही’ वस्तीतल्या बाईला कधी मिळाला नाही तोच त्या मुलाला हवा होता. दोघांची मागणी एकच निघावी हे मला योगायोगाचे वाटत नाही. ‘अहो-जाहो’ ही आपल्याकडे जातीची खूण राहिली आहे, म्हणून तिच्यासाठी भांडणे हे शिष्टाचारासाठी भांडणे नव्हे.

आणि बायका येत नाहीत असे कोण म्हणतो? तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ बायकांना घेऊन झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेसाठी ठेवलेल्या एकतीस हजारांहून अधिक बायकांची तपासणी केली नाही, त्यावरून पुढे नैतिकतेचे प्रश्न उठले, ते रास्त होते आणि त्यांवर स्वतंत्र लिहायला हवे. पण याच मातीतल्या, यातल्या पुष्कळशा निरक्षर, बायका बोलावल्यावर आल्या. त्यांच्यामुळे जगाला एक गोष्ट कळली. तरी २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही नव्हत्या, १.९ टक्के.

यंदा आमच्या महाविद्यालयाच्या शिबिरात भिंत रंगवायची आहे. मजकूर विद्यार्थ्यांनी केला, मी वस्तीतल्या चार बायकांना वाचून दाखवला, त्यांनी दोन शब्द बदलले. तो असा : ‘बायांनो, तीस ते पासष्ट वय असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. लग्न झालेलं असो, नसो, नवरा असो, नसो, पोर असो, नसो. पाळी गेली असली तरी या. पिशवी काढली असेल तर कागद घेऊन या, कागद नसला तरी या. स्वतःला पुरुष मानणारे पण ज्यांच्या पोटात पिशवी आहे, तुम्हीही या. नाव तुम्ही सांगाल तेच लिहू.’ शेवटच्या ओळीवर उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, केसपेपरवर स्त्री-पुरुष असे दोनच चौकोन आहेत, मी काय करू? तो कागद जिल्ह्याहून छापून येतो. तिसऱ्या चौकोनासाठीचा अर्ज आम्ही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिला आहे. पोच मिळाली, उत्तर यायचे आहे. भिंत त्याआधी रंगवणार आहोत.